फिरत्या पट्ट्यावरची पंगत

जपानच्या वाकायामा प्रांतात कोयासान नावाचा डोंगर आहे. ८१६ साली कूकाई या भिक्खूने तिथे शिंगोन पंथाचं पीठ वसवायला घेतलं. त्यानंतर बाराशे वर्षांनी, १० सप्टेंबर २०१५ रोजी, तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. ते करायला महाराष्ट्राचे त्या वेळचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गेले होते, म्हणजे नागपूरचाच माणूस. नागपूर आणि जपान यांचं येणं-जाणं मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. इंदोऱ्याच्या बुद्धविहारातले भदंत सुरई ससाई जन्माने ओकायामाचे. १९६०च्या दशकात ते नागपुरात आले, इथलेच होऊन राहिले आणि १९८७ मध्ये भारताचे नागरिक झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस टेम्पल १९९९ मध्ये उभं राहिलं ते नोरिको ओगावा यांच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने. जपानला निघालेल्या नागपूरकराच्या मनात तोक्योबरोबर कोयासानचंही नाव असतं, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

कोयासानची वाट ओसाका शहरातून जाते. शहराच्या नांबा स्टेशनवरून नानकाई रेल्वेची गाडी सुटते, साकाई आणि हाशिमोतो मागे टाकत डोंगराच्या पायथ्याशी गोकुराकुबाशीला थांबते, आणि तिथून केबल कार वर नेते. दीड-दोन तासांचा प्रवास. त्याआधी किंवा त्यानंतर माणसाला ओसाकात जेवावं लागतं. भाषा येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, मासा कच्चा की शिजवलेला ते कळत नाही, आणि बिल किती येईल याचा अंदाज नाही. या चारही अडचणींवर एकाच दुकानात उत्तर मिळतं, ते म्हणजे बशा फिरवणारं सुशीचं दुकान, जपानी भाषेत काइतेन-झुशी. त्याचा जन्म याच ओसाकाच्या कुशीत झाला आहे, त्यामुळे या प्रवाशाला ते शोधायला लांब जावं लागत नाही.

सुशी मुळात श्रीमंतांचं खाणं नव्हतं. तिचं सर्वांत जुनं रूप म्हणजे मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवणं. शिगा प्रांतातल्या बिवा सरोवराकाठी गोड्या पाण्यातल्या माशाची फुनाझुशी अजूनही अशीच करतात; तिला मुरायला वर्ष-वर्ष लागतं. आज आपल्याला माहीत असलेली सुशी, म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताचा मुठीत दाबलेला लहान गोळा आणि त्यावर माशाचा काप, ही १८२०च्या दशकात एदो शहरात, आताच्या तोक्योत, रूढ झाली. हानाया योहेई या विक्रेत्याचं नाव तिच्याशी जोडलं जातं. रस्त्याकडेच्या गाड्यांवर उभ्याने दोन घास खाऊन माणूस पुढे जायचा. पुढे हीच सुशी गाडीवरून दुकानात गेली, लाकडी काउंटर आलं, काउंटरमागे वर्षानुवर्षं उमेदवारी करून तयार झालेला कारागीर उभा राहिला. गिऱ्हाईकाने मागायचं, त्याने समोर करून द्यायचं. माशाचा भाव रोजच्या बाजारावर ठरणार म्हणून बऱ्याच ठिकाणी तो लिहिलेलाच नसे. जेवण संपल्यावर आकडा कळायचा. खिशात मोजके पैसे असलेला कामगार अशा दुकानाच्या दारातूनच परत फिरे.

योशिआकी शिराइशी यांनी ज्या वस्तीत दुकान चालवलं, ती अशाच कामगारांची होती. १९१३ साली एहिमे प्रांतात जन्मलेला हा माणूस युद्धानंतर ओसाकाला लागून असलेल्या फुसे भागात खाण्याचा धंदा करत होता. हा भाग आज हिगाशी-ओसाका शहरात मोडतो, आणि स्क्रूपासून यंत्राच्या सुट्या भागांपर्यंत सारं काही घडवणाऱ्या छोट्या-छोट्या कारखान्यांसाठी तो जपानभर ओळखला जातो. शिराइशींच्या उभ्याने खाण्याच्या सुशी दुकानात गर्दी मायची नाही, पण हाताखाली माणसं टिकत नव्हती. कारागीर मिळायचा तो महाग. भाव वाढवला तर कामगार यायचे बंद होणार. माणसं कमी केली तर गिऱ्हाईक ताटकळणार.

वाट सापडली ती आसाही बिअरच्या कारखान्यात. रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून रांगेने सरकताहेत, प्रत्येक कामगार जागेवरच उभा आहे आणि काम त्याच्यापर्यंत चालत येतं आहे, हे शिराइशींनी तिथे पाहिलं. बाटली सरकते तर बशी का सरकू नये?

विचार सुचला, तरी तो प्रत्यक्षात उतरवायला वर्षं गेली. सरळ रेषेत पट्टा चालवणं सोपं असतं. दुकानात मात्र पट्टा काउंटरभोवती वळला पाहिजे, आणि कोपऱ्यावर बशी अडकते, घसरते किंवा शेजारच्या बशीवर आदळते. यावर तोड म्हणून पट्ट्याच्या पट्ट्या एका बाजूने गोलाकार, चंद्रकोरीसारख्या केल्या गेल्या. त्या एकमेकींवर सरकतात, वळणावर पंख्यासारख्या उघडतात आणि पुन्हा सरळ होतात. मध्ये फट पडत नाही. वेगाचाही प्रश्न होता. पट्टा जोरात फिरला तर मासा वाळतो, आणि बशी उचलायला माणूस बिचकतो. हळू फिरला तर वाट पाहणाऱ्याचा धीर सुटतो. जमलं ते सेकंदाला साधारण आठ सेंटिमीटरवर. बहुतेक दुकानांत पट्टा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातो. उजव्या हातात चॉपस्टिक असताना डाव्या हाताने बशी उचलायला ते सोयीचं पडतं.

१९५८ मध्ये फुसे स्टेशनजवळ शिराइशींचं ‘मावारु गेन्रोकू-झुशी’ सुरू झालं. जगातलं पट्ट्यावरच्या सुशीचं ते पहिलं दुकान. मधोमध दोन-तीन कारागीर, भोवती पट्टा, पट्ट्याभोवती गिऱ्हाइकं. तेवढ्याच माणसांत कितीतरी जास्त लोक जेवू लागले आणि बशीचा भाव कामगाराच्या आवाक्यात राहिला. शिराइशींनी या रचनेवर हक्क नोंदवले. १९७० साली ओसाकाजवळच्या सुइता इथे जागतिक प्रदर्शन भरलं. सहा महिन्यांत सहा कोटी बेचाळीस लाख लोक येऊन गेलेल्या त्या मेळ्यात गेन्रोकूचं दुकान होतं, आणि तिथून हा पट्टा देशभर माहीत झाला. १९७८ च्या सुमारास हक्कांची मुदत संपल्यावर इतरांनाही मैदान मोकळं झालं. पुढे मोठ्या झालेल्या दोन साखळ्याही याच परिसरातल्या: कुरा सुशीची पाळंमुळं साकाईत, सुशिरोची ओसाकात. शिराइशी २००१ मध्ये वारले. मधल्या काळात यंत्रमानवाकडून सुशी वाढवून घेण्याचाही त्यांनी प्रयत्न केला होता. तो धंदा म्हणून चालला नाही.

पट्टे मात्र ओसाकात बनत नाहीत. जपानच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, इशिकावा प्रांतात, कानाझावाच्या आसपासच्या दोन कंपन्या, इशिनो सेइसाकुशो आणि निहोन क्रेसेंट, देशातले जवळपास सगळे सुशीचे पट्टे बनवतात. प्रत्येक जागेसमोर गरम पाण्याचा नळ बसवण्याची १९७०च्या दशकातली सोयही इशिकावाचीच. तोवर पट्ट्याने बशी वाढायचं काम घेतलं होतं. चहा मात्र कुणीतरी येऊन ओतावा लागे. नळ आला आणि वाढपी पूर्णपणे बाजूला झाला.

माझ्या मते या पट्ट्याचं मोल इथे आहे. आपल्या गावाकडची पंगत आठवा. पंगतीत सगळे एका ओळीत बसतात, अन्नही एकच असतं, पण पळी वाढप्याच्या हातात असते. कुणाच्या पानावर तुपाची धार लांबते, कुणाला बुंदीचा लाडू दोनदा विचारला जातो, कुणाला भाजी संपल्याचं ऐकू येतं. कुणाची पंगत आधी बसते आणि कुणी मागे, अंगणाबाहेर थांबायचं, हेही वाढणारेच ठरवत आले. पंक्तिभेदाची ही जाचक परंपरा ज्यांनी सोसली, त्यांची पोरं-नातवंडं आज विमानाने कोयासानला जातात. ओसाकात ती पट्ट्यासमोर बसतात तेव्हा त्यांच्यासमोरून तीच बशी जाते जी शेजारच्या बँकेच्या साहेबासमोरून गेली. बशी कुणालाही ओळखत नाही. रंगावरून तिचा भाव दिसतो. हवी तर उचलायची, नको तर जाऊ द्यायची. कुणाला विचारायचं नाही, कुणाची मर्जी सांभाळायची नाही, ‘हे परवडेल का’ असं चार लोकांसमोर बोलायचं नाही.

यातही एक उणेपणा आहे. कारागिरांच्या अगदी पुढे, पट्टा जिथून सुरू होतो तिथे बसलेल्याला ताजी बशी आधी मिळते. टोकाला बसलेल्याच्या वाट्याला उरलेलं. त्यामुळे जाणते लोक ती जागा पकडतात. आणि एका पट्ट्याभोवती जेवल्याने समाजातली उतरंड मोडते, असंही कुणी मानू नये. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच स्पष्ट लिहिलं होतं की नुसत्या सहभोजनाने जात जाणार नाही. जपानमध्येही जन्मावरून वाळीत टाकलेले बुराकू लोक आहेत, त्यांनी १९२२ साली क्योतोमध्ये सुइहेइशा ही संघटना उभारून समतेसाठी लढा सुरू केला, आणि तो लढा ओसाका भागात आजही चालू आहे. पट्टा ही लढाई लढत नाही. पण जेवायला बसलेल्या गरीब माणसाची आणि परक्या माणसाची मान त्या अर्ध्या तासापुरती ताठ राहते, हे मला मोठं वाटतं.

आता दुकानात शिरू. दारात बहुतेक वेळा एक यंत्र असतं. माणसं किती, काउंटरला बसायचं की टेबलाला, एवढं सांगितलं की नंबराची चिठ्ठी बाहेर येते. शनिवार-रविवारी संध्याकाळी तासभर थांबावं लागू शकतं, म्हणून दुपारी दोनच्या सुमारास जाणं चांगलं. जागेवर पोचलात की आधी समोरचा नळ नीट पाहून घ्या. त्याला बटण किंवा काळी कळ असते आणि कप दाबला की पाणी येतं. ते पाणी जवळपास उकळतं असतं. ते हात धुण्यासाठी नाही. भारतातून आलेल्या माणसाचा हात जेवणाआधी सवयीने नळाकडे जातो, आणि बोटं भाजतात. हात पुसायला ओला रुमाल किंवा कागद मिळतो. नळाचं पाणी चहासाठी: डबीतल्या हिरव्या चहाची पूड चमचाभर कपात घालायची, वर पाणी घ्यायचं. साखर, दूध काही नाही. या चहाने माशाचा तेलकटपणा तोंडातून जातो.

बाजूला गोडसर-आंबट मुरवलेल्या आल्याचे पातळ काप असतात. आपण लोणचं भातात कालवतो तसं ते कालवायचं नाही. एका माशाकडून दुसऱ्याकडे जाताना एखादा काप चावायचा म्हणजे जीभ मोकळी होते. हिरव्या वसाबीच्या पुड्या वेगळ्या ठेवलेल्या असतात, कारण मोठ्या साखळ्यांमधली सुशी आता वसाबी न लावताच येते. सावजीच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला तिखटाचं भय कशाला, असं वाटेल. पण वसाबीचा झटका जिभेवर बसत नाही, नाकातून टाळूला जातो, आणि मिरचीची सवय तिथे कामाला येत नाही. वाटाण्याएवढी पुरे. सोया सॉसमध्ये भाताचा गोळा बुडवू नका, तो विरघळून पडतो. सुशी आडवी करून माशाची कड टेकवा. हाताने खाल्लं तरी चालतं. सुशी हाताने खाणं ही एदोपासूनची रीत आहे आणि त्याने कुणी नाक मुरडत नाही. मात्र एकदा हात लावलेली बशी पुन्हा पट्ट्यावर ठेवायची नाही.

सोया सॉसबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तोही कोयासानच्याच प्रांतातला आहे. तेराव्या शतकात काकुशिन नावाचा भिक्खू चीनमधून एक प्रकारचा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, करण्याची पद्धत शिकून आला, आणि तो मिसो मुरताना सुटणाऱ्या रसापासून वाकायामातल्या युआसा गावी सोया सॉस तयार होऊ लागला, असं मानतात. युआसात आजही जुन्या पिंपांत सोया सॉस मुरवणारी घराणी आहेत. हातात वेळ असेल तर कोयासानला जोडून हे गावही पाहता येतं.

बशीवर साधारण दोन घास असतात. खाल्लेल्या बशा शेजारी रचत जायच्या. शेवटी त्या मोजून बिल होतं. कुरा सुशीमध्ये टेबलालाच फट असते, बशी आत टाकली की ती पाण्याच्या वाहत्या नाळीतून थेट धुण्याच्या जागी जाते, आणि पाच बशा टाकल्या की पडद्यावर एक खेळ सुरू होतो. जिंकलं तर खेळण्याची डबी पडते. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण पाचवी बशी रिकामी करण्यासाठी मुलं न आवडणारंही खातात. बशीचा भाव दीर्घकाळ कर वगळून शंभर येन होता. २०२२ च्या ऑक्टोबरात मोठ्या साखळ्यांनी तो वाढवला. तरीही आठ-दहा बशांत एका माणसाचं पोट भरतं, आणि टिप द्यायची पद्धत नाही.

राहिला कच्च्या माशाचा प्रश्न. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. आपला मासा तळ्याचा नि नदीचा, रोहू, कतला, मरळ. आणि तो भरपूर शिजवूनच खायचा असतो. ही सवय योग्य आहे, ती परदेशात गेल्यावरही सोडू नका. गोड्या पाण्यातल्या माशात यकृतात घर करणारे कृमी असू शकतात, म्हणून जपानी माणूसही नदी-तळ्यातला मासा सहसा कच्चा खात नाही. पट्ट्यावर येणारी उनागी ही नदीची वाम भाजूनच येते. समुद्रातल्या माशातही अनिसाकिस नावाचा कृमी असतो. तो मारण्यासाठी मासा उणे वीस अंशांवर चोवीस तास गोठवतात. ट्यूना तर खोल समुद्रात पकडल्याबरोबर उणे साठ अंशांपर्यंत गोठवला जातो. म्हणजे साखळी दुकानातला ‘ताजा’ मासा बऱ्याचदा गोठवून आणलेला असतो, आणि तो सुरक्षित असण्यामागे हे मोठं कारण आहे.

पट्ट्यावर गुलाबी-केशरी दिसणारा सॅल्मन आज सगळ्यांत लाडका आहे. लोकांना आवडती सुशी विचारणाऱ्या पाहण्यांत गेली दहाहून अधिक वर्षं तो पहिला येतो. पण चाळीस वर्षांपूर्वी जपानी माणूस कच्चा सॅल्मन खातच नव्हता. जपानजवळच्या समुद्रातला सॅल्मन कृमींसाठी बदनाम होता. तो खारवून, भाजून खायचा. नॉर्वेत मात्र सॅल्मन समुद्रातल्या पिंजऱ्यांत, कोरडं खाद्य घालून वाढवला जात होता आणि त्यात हे कृमी नव्हते. माल फार झाला, गिऱ्हाईक कमी पडलं. म्हणून १९८०च्या दशकाच्या मध्यापासून नॉर्वेच्या सरकारी लोकांनी जपानमध्ये वर्षानुवर्षं खटपट केली. ब्यर्न एरिक ओल्सन हे त्यातले प्रमुख. अखेर निचिरेई कंपनीला त्यांनी पाच हजार टन सॅल्मन स्वस्तात दिला, अट एकच: तो सुशीसाठी विकायचा. काउंटरवरच्या कारागिरांनी त्याला बराच काळ जवळ केलं नाही. पट्ट्याच्या दुकानांनी केलं, कारण तिथे मुलंबाळं येत होती आणि मुलांना तो मऊ, तेलकट, गोडसर मासा आवडला. जपानी सुशीतला आजचा सगळ्यांत प्रिय घास पट्ट्यावरून वर आला आहे.

पहिल्यांदा खाणाऱ्याने शिजवलेल्या बशांनी सुरुवात करावी: उकडलेली कोळंबी, भाजलेली उनागी, तामागो म्हणजे गोडसर अंड्याची वडी. मग सॅल्मन, मग ट्यूना. ऑक्टोपस चिवट असतो, माकूळ चिकट, ते शेवटी.

शाकाहारी नागपूरकरांना हा पट्टा तितका सोपा नाही. काकडीचा माकी म्हणजे शेवाळात गुंडाळलेली सुशी, आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो माकी, आंबट उमे फळाचा माकी, मक्याचे दाणे आणि मेयोनेझ घातलेली सुशी, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात म्हणजे इनारी, एवढं सहज दिसतं. पण दिसतं तेवढ्यावर विसंबू नये. इनारीची पिशवी ज्या रसात शिजते त्यात बहुधा दाशी असते, आणि दाशी म्हणजे सहसा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क. अंड्याच्या वडीत, मिसो सूपमध्ये, उदोन शेवयांच्या रश्शातही तीच. जपानी स्वयंपाकी तिला मासा समजत नाही, चव समजतो. म्हणून ‘मासा नको’ म्हटलं तरी दाशी येते. ‘कात्सुओ-दाशी नाशी’ असं कागदावर जपानीत लिहून दाखवलेलं बरं. काकडीचा माकी आणि नात्तो माकी यांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, मात्र नात्तोची तार आणि वास सगळ्यांना झेपत नाही.

ज्यांना हे कुठलंच नको, त्यांनी भूक राखून डोंगरावर जावं. कोयासानवर पन्नासेक मठांमध्ये प्रवाशांची राहायची सोय आहे आणि तिथे शोजिन र्योरी हे भिक्खूंचं जेवण मिळतं: मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. रस काढतात तो समुद्री शेवाळ आणि शिताके अळिंबीचा. थंडीत गोठवून वाळवलेला टोफू तर या डोंगराच्याच नावाने, कोया-दोफू म्हणून विकला जातो. आपल्याकडचं शाकाहारी घर या ताटावर निर्धास्त जेवू शकेल.

सुशीचं खरं अंग भात आहे. जपानी कारागीर माशाइतकीच, किंबहुना जास्त काळजी भाताची घेतो. हा तांदूळ आखूड, गोलसर दाण्याचा जपोनिका. त्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज कमी, साधारण वीस टक्क्यांच्या आत. म्हणून शिजल्यावर दाणा दाण्याला धरून राहतो. आपल्या बऱ्याच तांदळांत ते त्याहून जास्त असतं आणि भात मोकळा होतो. सुशीच्या भातात गरम असतानाच व्हिनेगर, साखर आणि मीठ हलक्या हाताने मिसळतात आणि वारा घालून थंड करतात. जपानचा सगळ्यांत नावाजलेला वाण कोशिहिकारी. त्याची नोंदणी १९५६ ची, म्हणजे दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षाची.

भंडारा-गोंदियातल्या वाचकाला इथे आपलं घर दिसेल. धान, तलाव आणि मासा हे त्रिकूट पूर्व विदर्भाचंही आहे. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, त्याखालची धानाची बांधी, तलावात जाळं टाकणारा ढिवर, आणि घरात भात-मासळीचं जेवण. फुनाझुशीसारखे पदार्थ अशाच भातशेतीच्या आणि तळ्याकाठच्या संस्कृतीत जन्मले. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिन्नोर सुवासिक आहे, मऊ आहे. पण तो सुशीचा तांदूळ नाही आणि व्हायचीही गरज नाही.

मला विदर्भाच्या धान उत्पादकांना सांगावीशी वाटते ती गोष्ट वेगळी. १९७० साली जपान सरकारने तांदूळ फार पिकतो म्हणून लागवड कमी करण्याचं धोरण आणलं. सुझुमो नावाची कंपनी चालवणारे किसाकू सुझुकी तेव्हा मिठाईची यंत्रं बनवत. देशातला शेतकरी धान पिकवतो आणि सरकार त्याला कमी पिकव म्हणतं, हे त्यांना सहन झालं नाही. लोकांनी तांदूळ जास्त खाल्ला पाहिजे, तर सुशी स्वस्त झाली पाहिजे, असा विचार करून त्यांनी भाताचे गोळे वळणारं यंत्र बनवायला घेतलं. ते १९८१ मध्ये बाजारात आलं. हलक्या हाताने, आत हवा राहील असा गोळा वळायला कारागिराला वर्षं लागत. यंत्र तासाला हजारो गोळे वळू लागलं. आज पट्ट्याच्या दुकानात तुम्ही खाता तो भात बहुधा यंत्राने वळलेला असतो. बोनसची वाट पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांसाठी असा हट्ट धरणारा यंत्रकार इथेही जन्मावा, असं मनापासून वाटतं.

आता पट्ट्याच्या आजच्या अवस्थेकडे येऊ. फिरत राहिलेल्या बशीतला मासा वाळतो आणि टाकावा लागतो. ही नासाडी सुरुवातीपासूनची. सुशिरोने बशीच्या तळाला चिप बसवली आणि साडेतीनशे मीटर फिरून झालेली बशी आपोआप पट्ट्यावरून उतरवली जाऊ लागली. त्याच चिपच्या नोंदींवरून कुठल्या वेळी कोणता मासा किती काढायचा याचा अंदाजही बांधता आला. मग टेबलावर पडदे आले: चित्रावर बोट ठेवलं की नेमकी तीच बशी वेगळ्या, वेगवान मार्गिकेवरून थेट तुमच्यासमोर येऊन थांबते. इंग्रजी, चिनी, कोरियन भाषा निवडता येतात. जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाने सोया सॉसच्या बाटलीचं तोंड आणि कप चाटल्याची चित्रफीत जपानभर पसरली आणि लोकांचा फिरत्या बशीवरचा विश्वास हलला. सुशिरोने सुशी मोकळी फिरवणं थांबवलं. इतर अनेकांनीही पट्टा फक्त मागवलेल्या बशांसाठी ठेवला. काही ठिकाणी पट्ट्यावर आता खऱ्या बशांऐवजी पडद्यावर चित्रं सरकतात.

परक्या प्रवाशाला पडदा सोयीचा आहे, हे मान्य. भाव दिसतो, नाव कळतं, शाकाहाऱ्याला शोधणं सोपं जातं. पण पडद्यावर आपण तेच मागवतो जे आधीपासून ठाऊक आहे. समोरून अनोळखी बशी जाते, शेजारचा म्हातारा ती उचलतो, त्याच्या चेहऱ्यावरून चव कळते आणि पुढच्या फेरीत आपणही हात घालतो, हे शिकणं पडद्याने होत नाही. म्हणून ओसाकात निवड करायची असेल तर बशा अजून फिरत असलेलं दुकान निवडा. कुरा सुशीने पट्टा सोडलेला नाही. तिथे प्रत्येक बशीवर पारदर्शक झाकण असतं, बशी ओढली की ते आपोआप उघडतं. झाकणाशी कुणी भलता चाळा केला तर टिपायला कॅमेरे बसवले आहेत. २०२५ मध्ये ओसाकाच्या युमेशिमा बेटावर पुन्हा जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा तिथे याच कंपनीने सुमारे १३५ मीटर लांबीचा पट्टा बसवला, आणि त्यावरून सुशीबरोबर जगातल्या सत्तर देश-प्रदेशांचे पदार्थ फिरवले.